उंट कोणत्या अध्यायात आहेत?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, 8 ते 13 वर्षांच्या 22 मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात प्रोजेक्टर मिळवून ख्रिस्तचरित्रावरचा दीड तासाचा चित्रपट दाखवला. पहिली वीसेक मिनिटं मुलं गुंग होती. मग मोठ्यांची कुजबुज सुरू झाली आणि वधस्तंभाच्या प्रसंगाला एक लहान मुलगी रडत बाहेर पळाली. शेवटी एका मुलाने विचारलं, "टीचर, मागी लोकांचे उंट कोणत्या अध्यायात आहेत?" मागी म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी. मला सांगता येईना. वर चर्चच्या मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी, ऐकवलं, "देवाच्या घराचं थिएटर करू नका." पुन्हा दाखवावं की नको?

उत्तर : दाखवा. मात्र दीड तास एका बैठकीत नको. तो पिकनिकचा कार्यक्रम झाला, धडा नव्हे.

मी शिकवायला लागले तेव्हा आमच्याकडे फिल्मस्ट्रिप होती. 35 मिलिमीटर फिल्मची बोटभर गुंडाळी आणि सोबत एक कॅसेट. कॅसेटमध्ये 'टिंग' वाजलं की बटण फिरवून पुढचं चित्र आणायचं. एका रविवारी येशूचा उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बोधकथा, चालू होती: पैसा उडवून डुकरं राखायची वेळ आलेला धाकटा मुलगा घरी परततो. तिथे माझा एक टिंग हुकला. निवेदक भरल्या आवाजात सांगतोय की बापाने धावत जाऊन मुलाला मिठी मारली, आणि पडद्यावर डुकरं! मुलं पोट धरून हसली. मी घाबरून मशीन बंद केलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बरं, बाप खरंच धावला असेल का?" एक जण म्हणाला, म्हातारा माणूस कसला धावतोय. दुसरी म्हणाली, नोकराला पाठवलं असेल. मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय उघडून शोधाशोध. विसाव्या वचनात बाप धावतो. त्या दिवशी ती पट्टी पूर्ण झालीच नाही, आणि कुणी तक्रारही केली नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात चित्र थांबतंच, आता मी मुद्दाम थांबवते. आठ-दहा मिनिटांचा एकच प्रसंग घ्यायचा. तो कुठे थांबवायचा ते आदल्या दिवशी बघून मिनिट-सेकंदासकट वहीत लिहून ठेवायचं. याच दाखल्यात सर्वांत चांगली जागा शेवटाकडे आहे. परतलेल्या धाकट्याचं कौतुक बघून थोरला मुलगा रुसून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतोय, आणि लूक तिथेच लिहायचं थांबतो. थोरला आत गेला की नाही, सांगतच नाही. सिनेमावाल्यांना असं अर्धवट सोडवत नाही, ते हात पुढे करतात, संगीत चढवतात. त्याच्या आधीच बटण दाबा आणि मुलांना विचारा, तो आत गेला का? तेरा वर्षांची मुलं ज्या पोटतिडकीने थोरल्याची बाजू घेतात ते ऐकण्यासारखं असतं. घरी धाकटं भावंड असलेली तर फारच.

आता उंट. त्या मुलाचा प्रश्न तुमच्या त्या रविवारची सगळ्यात मोठी कमाई आहे. मागींची गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, पण तिथे उंट नाहीत. मागी तीन होते असंही तिथे म्हटलेलं नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन धरली गेली. ते येतात तेही घरात, गोठ्यात नव्हे. गव्हाणी आहे ती लूककडे, आणि तिथे येतात ते मेंढपाळ. मग उंट आले कुठून? जुन्या करारातलं यशया 60:6 काढा. तिथे उंटांचे कळप आहेत, सोनं आणि ऊदही आहे. पुढच्या लोकांनी तो उतारा मत्तयाच्या गोष्टीला जोडला, चित्रकारांनी उंट रंगवले, कॅमेऱ्याने ते चालवले. मुलाला लगेच उत्तर देऊ नका. दोन गट करा. एकाने चित्रपटात काय काय दिसलं त्याची यादी करायची, दुसऱ्याने तेच पवित्र शास्त्रात शोधायचं. माझ्या वर्गात एकदा योना संदेष्ट्याला गिळणाऱ्या देवमाशाचीही अशीच गत झाली. मूळ गोष्टीत तो फक्त 'मोठा मासा' आहे.

रडणाऱ्या मुलीबद्दल मात्र थोडं खडसावते. तुम्ही चित्रपट आधी पूर्ण बघितला होता का? पत्रावरून वाटत नाही. वधस्तंभाचा प्रसंग वाचताना मूल आपल्याला झेपेल तेवढंच मनात आणतं. पडदा ती मोजमापं पाळत नाही. दहा वर्षांखालच्यांना तो भाग दाखवू नका, मोठ्यांना दाखवायचा असेल तर पालकांना आधी कळवा. आणि त्या मुलीच्या घरी एकदा जाऊन या.

मंडळीतल्या त्या वडिलांना सांगा की हा वाद जुना आहे. पॅरिसमध्ये सिनेमाचे आद्य प्रवर्तक ल्युमिए बंधूंचा तिकीट लावून पहिला खेळ झाला डिसेंबर 1895 मध्ये. 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा चित्रपट लागला. जाहिरात होती जर्मनीतल्या ओबरआमरगाउ गावच्या प्रसिद्ध नाटकाची, चित्रण झालं होतं न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर! म्हणजे पडद्यावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्नही तेवढाच जुना. पोप पायस अकरावे यांनी 1936 मध्ये चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढलं, त्यात धोकेही सांगितले आणि चांगल्या चित्रपटाची ताकदही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी अशा माध्यमांवर हुकूमनामाच मंजूर केला. तुमची मंडळी कॅथलिक नसेल, तरी वडिलांना एवढं वाचायला हरकत नसावी. त्याहून सोपं म्हणजे त्यांनाच पुढच्या तासाला बोलवा आणि थोरल्या मुलाची बाजू मांडायला लावा.

प्रश्न : विकत घेतलेली डीव्हीडी किंवा घरच्या सबस्क्रिप्शनवरचा चित्रपट चर्चमध्ये लावला तर चालतं का?

उत्तर : साधारणपणे नाही. ती परवानगी घरात बघण्यापुरती असते, चार लोक जमवून दाखवणं हे जाहीर प्रदर्शन धरलं जातं. तिकीट नव्हतं, ही सबब पुरत नाही. निर्मात्याला पत्र लिहा. धार्मिक चित्रफिती काढणाऱ्या बऱ्याच संस्था फुकट परवानगी देतात, काही तर खुद्द डाउनलोडच देतात. शक्य असेल तर तेच घ्या. थेट इंटरनेटवरून लावलं की प्रार्थनेच्या प्रसंगात मध्येच साबणाची जाहिरात येते, आणि त्या हशानंतर वर्ग पुन्हा हाताशी येत नाही, माझ्या डुकरांपेक्षाही वाईट.