घरच्या विमानात एसी: वीज आणायची कुठून?

प्रश्न: आम्ही दोघे भाऊ निपाणीजवळ शेडमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. इंजिन रोटॅक्स ९१२, १०० अश्वशक्ती. परवानगीची कागदपत्रं चालू आहेत. वर पारदर्शक कॅनोपी असल्यामुळे एप्रिलात आत नुसतं बसलं तरी अंग भाजतं. गाडीचा एसी बसेल का? त्याला वीज कुठून द्यायची?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: मी बेळगावच्या उद्यमबागेत ३० वर्षं गाड्यांचे एसी बसवतोय, म्हणून आधी गाडीचंच सांगतो. मारुती ८०० घेऊन चोर्ला घाट चढताना एसी बंद करावा लागायचा, आठवतं ना? इंजिन ७९६ सीसीचं आणि त्यातली दोन-तीन अश्वशक्ती एकटा कॉम्प्रेसर खायचा. विमानाला प्रत्येक टेक-ऑफ म्हणजे घाटच. त्यात सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. एवढ्या उंचीवर तुमच्या १०० तली सात-आठ अश्वशक्ती हवेच्या विरळपणानं आधीच गेलेली असते, कडक उन्हात आणखी. म्हणून बेल्टवरचा कॉम्प्रेसर नकोच. शिवाय कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे आला की त्याची गरम हवा थेट रेडिएटरवर, आणि रोटॅक्सची हेडं पाण्यावरच थंड होतात.

आता विजेचं. या इंजिनाचा स्वतःचा जनरेटर जेमतेम २५० वॅटचा, म्हणजे १८ अँपिअरच्या आसपास. रेडिओ, पंप, मीटर यांनाच त्यातला बराचसा लागतो. एक किलोवॅट थंडावा देणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ४०० वॅट तरी मागणार, पंखे वेगळे. जादा ४० अँपिअरचा अल्टरनेटर मिळतो, पण तो, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर मिळून एवढं वजन होतं की तेवढं पेट्रोल कमी भरावं लागेल. मला ते पटत नाही.

माझं मत बर्फाच्या बाजूनं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. आठ किलो बर्फ म्हणजे एक किलोवॅटचा थंडावा पाऊण तास, आणि वीज फक्त पंपाला नि पंख्याला. गेल्या मे महिन्यात मी करून बघितलं. गोव्याहून मासळी येते तसली थर्माकोलची पेटी, जुना हीटर कोअर (गाडीच्या हीटरमधली छोट्या रेडिएटरसारखी जाळी), त्यातून बर्फाचं पाणी फिरवायला १२ व्होल्टचा छोटा पंप आणि त्यावरून हवा मारायला गाडीचा ब्लोअर. सगळं मिळून सात अँपिअर. दुपारी दोनला ओम्नीच्या काचा बंद करून बसलो. ब्लोअरच्या तोंडाशी हवा १३ अंशांची येत होती, ४० मिनिटांनी २० झाली. झाकण मात्र पट्ट्यानं आवळलं नव्हतं. पहिल्याच स्पीडब्रेकरला पाणी उसळून वायरिंगवर आलं. तुमच्याकडे ते होता कामा नये. झाकणाला रबर लावा, पेटी आसनामागे चौकटीला बांधा.

पाऊण तास पुरतो, कारण खरी भट्टी टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे चालवत नेताना असते. हजार मीटर चढलात की बाहेरची हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते, मग व्हेंट उघडा. विमान उभं असताना कॅनोपीवर पांढरं कापड टाका, त्यानं निम्मं काम होतं. ड्राय आइस चुकूनही वापरू नका, बंद केबिनमध्ये त्याचा वायू जीव घेईल.

बर्फाचं पाणी झालं तरी वजन तेवढंच राहतं, तेव्हा पेटी भरून मगच गुरुत्वमध्य काढा. हीटर कोअर माझ्याकडे एक पडून आहे, बेळगावला आलात की घेऊन जा.