कांद्याच्या पापुद्र्यात मॉलिक्युलर मोटारी मोजता येतील का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो. प्रकल्पासाठी पेशीतल्या मॉलिक्युलर मोटारींचा (पेशीत माल ओढून नेणाऱ्या प्रथिनांचा) वेग आणि बल मोजायचे आहे. आमच्याकडे ऑप्टिकल ट्वीझर्स (लेसरने बारीक कण धरणारे उपकरण) नाहीत, साधा मायक्रोस्कोप आहे. जमेल का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वेग जमेल, बल नाही. प्रकल्पाच्या शीर्षकातच 'बल' घालू नका.

लक्ष्मीपुरीतून ताजा कांदा आणा. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा सोलून ५ मिलिमीटरचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप लावा आणि १५-२० मिनिटे तसाच राहू द्या. सोलताना पेशी दुखावतात आणि प्रवाह थांबतो. 'काहीच हलत नाही' म्हणून चांगला पापुद्रा टाकून दिला जातो, तो याच वेळी. मग ४०एक्स ऑब्जेक्टिव्हखाली कंडेन्सरचा डायफ्रॅम थोडा मिटा. पेशीद्रव्याच्या धाग्यांवरून बारीक कण धावताना दिसतील. ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून चालणारे मायोसिन हा प्रवाह चालवते; तीच तुमची मॉलिक्युलर मोटार.

मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच झूमवर स्टेज मायक्रोमीटरचाही (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडचाही) घ्या. झूम बदलला तर मोजमाप वाया गेले. ३० तरी कणांचा माग काढा. जागच्या जागी थरथरणारे कण ब्राउनियन असतात, म्हणजे मोटारीने नव्हे, तर रेणूंच्या धडकांनी हलतात. त्यांच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी वेळेच्या प्रमाणात वाढते, सरळ धावणाऱ्या कणांची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. शेजारच्या सगळ्याच पेशी एका दिशेला सरकत असतील तर स्लाइड सरकते आहे किंवा कडेचे पाणी सुकते आहे. हॅलोजन दिव्याने नमुना तापतो, म्हणून प्रत्येक वेळी तापमान लिहा.

तंबाखूच्या मायोसिनचे पाऊल सुमारे ३५ नॅनोमीटरचे असते. सेकंदाला ७ मायक्रोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २०० पावले!

बलाचे काय? १ मायक्रोमीटर व्यासाचा कण पाण्यात सेकंदाला ५ मायक्रोमीटर वेगाने नेला, तर स्टोक्सच्या सूत्राने रोध जेमतेम ०.०५ पिकोन्यूटन (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) येतो. पण पेशीद्रव्य म्हणजे पाणी नव्हे. त्याची श्यानता (दाटपणा) जागोजागी बदलते, आणि एका कणाला किती मोटारी ओढतात हेही दिसत नाही. कायनेसिन ही दुसरी मोटार सुमारे ६ पिकोन्यूटनला अडते, हे लेसरने मणी धरून, एकेका मोटारीवर मोजलेले आहे. तिथे तुमच्या व्हिडिओतून पोहोचता येणार नाही.

बलाऐवजी तापमानाने वेग कसा बदलतो ते पाहा: स्लाइड बर्फावर १० अंशांनी थंड करून वेग पुन्हा मोजा. बाहेर काचेवर दव धरते, ते पुसत राहा.