खर्रा सोडला की डोकं का चालत नाही?

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातले, घरी धानाची शेती. यजमान बरीच वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी नि चुना घोटून केलेलं मिश्रण, खातात. आणायला पोरालाच ठेल्यावर धाडतात, तो नववीत आहे. पोळा झाल्यावर त्यांनी आपल्या मनानं खर्रा सोडला. तिसऱ्या दिवशी जेवणाचं ताट सरकवलं, पोरावर हात उगारला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चौथ्या दिवशी पुन्हा पानठेल्यावर. म्हणतात, "खर्रा नाई खाल्ला तं डोस्कंच चालत नाई, कामाचा हुरूप येत नाई." सासूबाई म्हणतात, त्याच्यात जिद्दच नाही. खरं काय समजायचं?

उत्तर : ताई, तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत. खर्रा नसला की त्यांचं डोकं खरंच चालत नाही. पण ते तसं खर्र्यानंच करून ठेवलंय, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं दिसत नाही.

लक्ष लागणं, तरतरी वाटणं यासाठी मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन काम करतं. ते पेशींवरच्या ज्या ग्राहींना, म्हणजे रसायन पकडणाऱ्या खाचांना, चिकटतं, त्यांतल्याच काहींना तंबाखूतलं निकोटिनही चिकटतं. मग डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. खर्र्यातल्या चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून भराभर रक्तात उतरतं, आणि तोबरा गालात आहे तोवर उतरतच राहतं.

रोज दिवसभर हा मारा चालला की ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. घरात खाणारी तोंडं वाढली की पहिला शिधा पुरत नाही, तसं होतं. रक्तातलं निम्मं निकोटिन साधारण २ तासांत निघून जातं, म्हणजे सकाळपर्यंत हे सगळे ग्राही रिकामे. म्हणून तर चहाच्याही आधीचा तो पहिला खर्रा सगळ्यांत गोड लागतो. त्यात सुख थोडंच, रात्रभराची तूट तेवढी भरून निघते. यजमान ज्याला हुरूप म्हणतात, तो खर्र्यानंच आधी काढून घेतलेला असतो. शेजारच्या बांधीत राबणाऱ्या, कधीच खर्रा न खाल्लेल्या माणसाला तो हुरूप फुकट मिळतो. हे त्यांना शांतपणे सांगून बघा.

चिडचिड, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असतो, मग २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. ते नेमके वाईट दिवशीच परतले. सासूबाईंनाही हे कळू द्या. पोरावर हात उगारणं मात्र यामुळे माफ होत नाही.

वाढलेले ग्राही काही आठवडे ते तीन महिन्यांत पूर्वपदावर येतात, असं सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत दिसलंय. आठवण त्याहून चिवट असते. पन्नीवर खर्रा घोटण्याची करकर कानावर पडली, धुऱ्यावर सोबत्यानं पुडी सोडली, की महिन्यांनंतरही तोंडाला पाणी सुटतं. तेव्हा पहिले काही आठवडे ठेल्यावरून जाणारी वाट टाळलेली बरी.

पुढच्या वेळी औषधाच्या आधारानं सोडायला लावा. निकोटिनचा च्युइंगम किंवा अंगावर चिकटवायची पट्टी मिळते. तूट हळूहळू कमी करता येते. गम सारखा चघळायचा नाही, थोडा चावून गालात धरायचा. पण आधी त्यांना उभी तीन बोटं तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा तिखट झोंबत असेल, तर सुपारीनं गाल आखडलेले असू शकतात. ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळायची, असला तोडगा म्हणून कामाचा नाही. तिनंही कर्करोग होतो. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आता पोराचं. या वयात मेंदू घडत असतो, त्यामुळे निकोटिनची पकड मोठ्यांपेक्षा लवकर बसते. त्याला ठेल्यावर पाठवणं आजपासून बंद. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३च्या कायद्यानं मनाई आहे. ठेलेवाल्याला हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा.