उंचीची गोळी

(पत्र थोडं आटोपशीर करून देत आहे. मुलाचं नाव बदललं आहे.)

ताई, माझा मुलगा सोहम नऊ वर्षांचा आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. पहिलीपासून शाळेच्या तक्रारी होत्या. एका जागी बसत नाही, येत असूनही पेपर अर्धा सोडून देतो, डबा आणि पाण्याची बाटली तर किती हरवल्या त्याला गणतीच नाही. दिवाळीनंतर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी शाळेकडूनही फॉर्म भरून घेतला आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, असल्याचं सांगितलं. त्यावर मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू आहे. फरक दिसतो, वह्या पूर्ण व्हायला लागल्या आहेत. पण घरात सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. गोड आणि चॉकलेट बंद करा, पोरगं आपोआप शांत होईल, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात जाऊबाई मुलांना घेऊन महिनाभर येणार आहेत. गोळ्यांचं पाकीट कुणाच्या नजरेला पडलं तर प्रश्न येतील. सुट्टीपुरती गोळी बंद ठेवली तर चालेल का? तिची सवय लागेल अशीही भीती वाटते. यजमान म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. सोहमचा काही त्रास नाही, त्याला आम्ही उंचीची गोळी म्हणून सांगितलंय, त्यामुळे कुरकुर न करता घेतो. दर रविवारी दाराच्या चौकटीला टेकून डोक्यावर पेन्सिलीची खूण करून घेतो, गंमत वाटते. सासूबाईंना सांगू की नको, एवढंच सांगा.
– एक आई, कराड

अगं, वयाने मी तुझ्या आईएवढी आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

तुझे प्रश्न सासूबाईंचे आणि जाऊबाईंचे आहेत. त्यांच्याकडे येईन. मी अडकले ती त्या चौकटीपाशी. नऊ वर्षांचा मुलगा दर रविवारी टाचा जुळवून, मान ताठ करून उभा राहतो, तू त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरतेस, आणि तो वळून बघतो, खूण कुठपर्यंत आली. तुला गंमत वाटते. मला आधी भरून आलं आणि मग तुझा राग आला.

दर भेटीत डॉक्टर सोहमची उंची आणि वजन का घेतात, हे तू विचारलंस का? या गोळीने भूक मरते. दुपारचा डबा अर्धा परत येत असेल बघ. काही मुलांची वाढही थोडी मागे पडते. अमेरिकेत एडीएचडी असलेल्या सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये आले. पुढे तीन वर्षांपर्यंत या मुलांची उंची-वजनं मोजली, तेव्हा ज्यांना गोळी नव्याने सुरू होऊन चालू राहिली होती, ती मुलं गोळी न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २ सेंटिमीटरने कमी उंच आणि २.७ किलोने हलकी भरली. दोन सेंटिमीटरने आभाळ कोसळत नाही. त्यासाठी चांगली लागू पडलेली गोळी कुणी सोडूही नये. डॉक्टर लक्ष ठेवून असतात ते त्यासाठीच. पण जगात एवढी नावं असताना तू त्या गोळीला नेमकं हेच नाव दिलंस. ती जे देऊ शकत नाही, त्याची तो दर रविवारी वाट बघतो. खूण वर सरकली नाही, त्या रविवारी तो काय समजेल? आई खोटं बोलली, असं काही त्याच्या मनात येणार नाही. आपल्यातच काही कमी आहे म्हणून आपल्याला गोळी लागू पडत नाही, असं तो धरून चालेल. या वयाची मुलं अशीच असतात.

मला हे माहीत आहे, कारण मी त्यातून गेले आहे. लहानपणी मला झोपेत फिट यायच्या. सकाळी काही आठवत नसे. आई रोज रात्री रक्तवाढीची म्हणून एक गोळी द्यायची. मी तेरा वर्षांची असताना घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चिठ्ठी देऊन मला मेडिकलमध्ये धाडलं. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "फिट कुणाला येतात गं?" मागे शेजारच्या काकू उभ्या होत्या. मी म्हणाले, "आजीला." घरी येऊन गोळ्या ओट्यावर ठेवल्या आणि आईला एक अक्षर बोलले नाही. फिट म्हणजे काय, ते मला धड ठाऊकही नव्हतं. आईने इतकी वर्षं लपवलं, त्या अर्थी काहीतरी लाजिरवाणं असणार, एवढं मात्र कळलं. लग्न ठरेपर्यंत मीही ते लपवत राहिले. आईचा हेतू वाईट नव्हता. तुझाही नाही. हेतूवरून मी तुझ्याशी भांडतच नाहीये.

आणि तुला वाटतं तितकं हे झाकलेलं राहिलेलंही नाही. १९३७ ची एक हकीकत सांगते. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहराजवळच्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर होते. मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी तेव्हा पाठीच्या कण्यातून द्रव काढावा लागे आणि नंतर मुलांचं डोकं ठणकत राही. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन हे सोहमच्या गोळीच्याच जातकुळीतलं औषध वापरून पाहिलं. डोकेदुखीला त्याचा फारसा गुण आला नाही, पण मुलांच्या अभ्यासात काही वेगळंच दिसायला लागलं. मग त्यांनी ३० मुलांना ते देऊन नीट पाहिलं. त्यातल्या १४ जणांच्या शाळेच्या कामात चकित करणारा फरक पडला. मुलं त्या गोळ्यांना काय म्हणायला लागली, माहीत आहे? गणिताच्या गोळ्या. हे नाव मोठ्यांनी शिकवलेलं नव्हतं. आपल्या आत काय बदललं, ते ज्याचं त्याला कळत होतं.

सोहमलाही कळतं. गोळी घेतल्यावर बाईंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतं, वही पुरी होते, आणि शनिवार-रविवारी उशिरा उठल्यामुळे गोळी राहिली तर हे काही होत नाही, हे त्याच्या कधीच ध्यानात आलं असेल. उंचीच्या गोळीने वही कशी पुरी होते, हा प्रश्न घेऊन तो बसलेला आहे आणि तो तुला विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस.

तेव्हा लंडनमध्ये असलेल्या इलिना सिंग या संशोधिकेने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या नऊ ते चौदा वर्षांच्या दीडशेहून जास्त मुलांशी बसून बोलणं केलं आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल काढला. गोळीने मुलांची यंत्रं होतात, अशी मोठ्यांना भीती असते. मुलांपैकी बहुतेकांचं म्हणणं वेगळं होतं : गोळीमुळे क्षणभर थांबता येतं, काय करायचं ते ठरवता येतं. आणि त्यांच्या बोलण्यातून हेही समोर आलं की त्यांच्यातल्या पुष्कळांशी या आजाराबद्दल डॉक्टर नीट बोललेच नव्हते. तिथली मुलं निदान आपल्याला काय दिलं जातंय, ते जाणून होती. तुझा मुलगा तेही जाणत नाही.

अजून एक सांगते, आणि हे तुझ्या पत्रात मला कुठेच सापडलं नाही. गोळी लपवून देता येते. उपचाराचा दुसरा अर्धा भाग लपवून देताच येत नाही. दप्तर रात्री भरून दारापाशी ठेवायचं, गृहपाठ दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून करायचा, डोकं तापलं की उठून पाणी प्यायचं, जमलं की लगेच कौतुक करायचं, हे सगळं त्याला सोबत घेऊनच करावं लागतं. त्याच एमटीए अभ्यासात गोळी आणि असं वर्तनाचं शिक्षण दोन्ही मिळालेल्या मुलांचं गोळीच्या कमी मात्रेत काम भागलं. पण उंची वाढवण्यासाठी गृहपाठाचे तुकडे कशाला पाडायचे, हे तू सोहमला काय म्हणून सांगणार?

तेव्हा या रविवारी तो पेन्सिल घेऊन आला की सांग. मे महिन्याची वाट बघू नकोस, आधी सासूबाईंना सांगून मग त्याला, असंही करू नकोस. सगळ्यात आधी त्याला. ही गोष्ट त्याची आहे.

फार मोठं बोलू नकोस. असं म्हण : "सोहम, ही गोळी उंचीची नाही. मी तुला खोटं सांगितलं, माझं चुकलं." हे पहिलं वाक्य गाळायचं नाही. मग : "वर्गात पंखा, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न, मागच्या बाकावरची कुजबुज आणि बाईंचा आवाज, हे सगळं तुला सारखंच मोठं ऐकू येतं. बाकीच्यांना बाईंचा आवाज वेगळा काढणं सोपं जातं, तुला त्यासाठी झटावं लागतं. गोळी त्यात मदत करते. गणित मात्र तूच सोडवतोस, गोळीला गणित येत नाही." त्याला आजाराचं नावही सांग, एडीएचडी. नाव नसलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर शंभर मुलांत पाच जणांना हे असतं, तेव्हा त्याच्या साठ जणांच्या वर्गात आणखी दोघं-तिघं असतील, तेही सांग. कदाचित त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलंच नसेल, नुसते धपाटे खात असतील.

तो रागावेल. "मग मी वेडा आहे का?" असंही विचारेल. नाही म्हण, आणि जवळ घे. दोन दिवस गोळी घ्यायला कुरकुर करेल. करू दे. इतके महिने कुरकुर न करता घेतली त्यापेक्षा ते बरं.

यजमानांना त्या वेळी शेजारी बसव. "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणजे सगळं ओझं तुझ्या एकटीच्या डोक्यावर, आणि ते मला मुळीच पटलेलं नाही. ही गोष्ट मोठ्या प्रमाणात घराण्यातून उतरते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांमधून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. तुमच्या दोघांच्याही घरात शोधलं तर कुणीतरी सापडेलच, वांड, धांदरट, शाळेत छड्या खाल्लेलं. कदाचित ते स्वतःच असतील. असतील तर सोहमला ते त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

आता राहिलेलं. सवयीची भीती सोड. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लहानपणी ही औषधं घेतलेल्यांचं पुढे काय होतं, हे १५ दीर्घ अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये तपासलं गेलं. व्यसनांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. सुट्टीत गोळी थांबवायची का, हे डॉक्टर ठरवतील. भूक आणि वाढ बघून ते कधीकधी स्वतःच खंड द्यायला सांगतात. पाहुणे येणार म्हणून तू परस्पर बंद करायची नाही. महिनाभर चुलत भावंडांमध्ये तो गोळीशिवाय वावरेल, त्याची पाळी यायच्या आधीच पान टाकेल, कॅरमच्या सोंगट्या उधळेल, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याला कुणी खेळायला घेणार नाही. कशासाठी? पाकीट दिसू नये म्हणून?

सासूबाईंच्या चॉकलेटबद्दल एक सांगते, पण ते त्यांना ऐकवायला नाही, तुझ्यासाठी. अमेरिकेतच १९९४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या आयांवर एक प्रयोग झाला. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं सरबत दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की त्यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. चित्रीकरणात दिसलं की त्या आया मुलांना जास्त टोकत होत्या, त्यांच्या मागेमागे राहत होत्या. साखर मुलांच्या पोटात नव्हतीच. आपण मुलाबद्दल जे मनात धरतो ते आपल्या हातांत, आवाजात उतरतं. तू मनात धरलंस की हे लपवण्यासारखं आहे. सोहम ते रोज सकाळी दुधाबरोबर गिळतो.

आजीला सांगायचं की नाही, ते आता त्याला विचार. काकूला, भावंडांना सांगायचं की नाही, तेही. तो नको म्हणाला तर नाही सांगायचं, पाकीट तुझ्या कपाटात ठेव. हो म्हणाला तर आजीला त्याच्यासमोर सांग, आतल्या खोलीत कुजबुजून नको.

आणि चौकटीवरच्या त्या खुणा पुसू नकोस. त्याच्या हातात पेन्सिल दे आणि प्रत्येक खुणेसमोर तारीख घालायला सांग, आठवतील तेवढ्या. मग दोघं मिळून सेंटिमीटर मोजा आणि एका वहीत उतरवा. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना सोहमनेच द्यायची. त्यांना ती लागणारच आहे.