कृष्णा नदी स्पॅनिशमधे ‘तो’ कशी काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी तासगावची, कॉलेज सांगलीला, सेकंड इयर. घरी द्राक्षबाग आहे. चार महिने झाले ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय, उच्चार जमतात, क्रियापदंही थोडीफार, पण नामाआधी लागणारं पुल्लिंगी ‘एल’ आणि स्त्रीलिंगी ‘ला’ आलं की सगळा घोळ होतो. टेबल बाई आणि पुस्तक बाप्या हे ठरवलं कुणी? शेवटी ओ असेल तर पुल्लिंग, आ असेल तर स्त्रीलिंग असं शिकवलं, आणि पुढच्याच टेस्टला ‘ला प्रोब्लेमा’ लिहिलं तर चूक, ‘एल मानो’ लिहिलं तर तेही चूक. मराठी माणसासाठी काही सोपी ट्रिक आहे का, की नुसतं पाठ करायचं?

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना. सगळ्यात आधी ते बाई-बाप्या डोक्यातून काढून टाक, लिंग शब्दाचं असतं, वस्तूचं नाही. आपल्याकडे खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते, हे तरी कुणी बसून ठरवलंय का? आणि समोर चांगला मिशीवाला माणूस उभा असला तरी आपण ‘ती व्यक्ती’च म्हणतो, अगदी तसंच स्पॅनिशमधे बाई असो की पुरुष, ‘ला पेर्सोना’च.

आता तुझी खरी चूक कुठं होत असेल ते सांगते, कारण माझ्याकडे साताऱ्यात शिकायला येणारी बरीच मुलं हेच करतात. मराठीतलं लिंग उचलून तिकडं लावायचं. तुझ्या शिवारातलेच शब्द घे. द्राक्ष ते, पण ‘ला ऊबा’. बेदाणा तो, पण ‘ला पासा’. ऊस तो, पण ‘ला कान्या’. हळद ती आणि ‘ला कुर्कुमा’ पण ती, हे जुळलं, पण योगायोगानं जुळलं, त्यावर भरवसा ठेवू नकोस. शिवाय आपल्याकडे तीन लिंगं आणि त्यांच्याकडे नामांना दोनच, लॅटिनमधे नपुंसकलिंग होतं पण स्पॅनिशपर्यंत येता येता त्यातले बरेचसे शब्द पुल्लिंगात जाऊन मिसळले. म्हणजे आपले ‘ते’वाले शब्द कुठं टाकायचे हा प्रश्न राहतोच.

नदीचं तर मला सुरुवातीला फार जड गेलं. ‘रीओ’ म्हणजे नदी, हा शब्द पुल्लिंगी, म्हणून बहुतेक सगळ्या नद्यांना तिकडं ‘एल’ लागतं, एल एब्रो, एल आमासोनास, आपली गंगासुद्धा ‘एल गांखेस’. मग कृष्णा पण ‘एल’च. लहानपणापासून संगम माहुलीला जाऊन कृष्णामाईला हात जोडलेले, तिला एल म्हणायला जीभ रेटत नव्हती. पण एकदा ते म्हणता आलं ना, की वस्तू वेगळी आणि शब्द वेगळा हे कायमचं कळतं.

ओ-आ चा नियम मात्र फेकून देऊ नकोस, तो बहुतेक वेळा बरोबर येतो, लिब्रो म्हणजे पुस्तक ‘एल’, कासा म्हणजे घर ‘ला’. जे शब्द नियम मोडतात त्यांच्यामागं बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं. ‘मानो’ म्हणजे हात, लॅटिनमधे तो स्त्रीलिंगीच होता आणि तसाच राहिला. फोतो आणि मोतो हे फोतोग्राफीआ आणि मोतोसिक्लेता यांचे कापलेले तुकडे, म्हणून ‘ला’. प्रोब्लेमा, सिस्तेमा, तेमा, इदिओमा हे मूळचे ग्रीक, तिथं नपुंसकलिंगी, म्हणून इकडं ‘एल’. पण शेवटी ‘मा’ दिसला की एल असंही करू नकोस हं, ‘कामा’ म्हणजे पलंग, तो साधा ‘ला कामा’. आणि ‘सिओन’ किंवा ‘दाद’ शेवटी आलं, जसं कान्सिओन, सिउदाद, तर डोळे मिटून ‘ला’ लाव.

‘एल आग्वा’ पुढं येईलच तुला, तेव्हा गोंधळू नकोस. ‘आग्वा’ म्हणजे पाणी, हा शब्द स्त्रीलिंगीच आहे, पण सुरुवातीच्या ‘आ’वर जोर असल्यामुळं एकवचनात त्याच्या लगेच आधी ‘ला’ऐवजी ‘एल’ येतं. विशेषण स्त्रीलिंगीच राहतं, एल आग्वा फ्रीआ, थंड पाणी. अनेकवचनात परत लास आग्वास.

ट्रिक म्हणशील तर ती तुझ्या कानात आहे. काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर, हे तुला कधी नियम आठवून म्हणावं लागतं का? नामाप्रमाणं विशेषण बदलायची सवय आपल्याला जन्मापासून आहे, स्पॅनिशमधे पण तेच, काळा नेग्रो, काळी नेग्रा. आपलं ‘सुंदर’ बदलत नाही तसं त्यांचं ‘ग्रान्दे’, म्हणजे मोठा, लिंगाप्रमाणं बदलत नाही. म्हणून वहीत सुटा शब्द कधीच लिहू नकोस, ‘ला मानो पेकेन्या’ म्हणजे छोटा हात, ‘एल प्रोब्लेमा पेकेन्यो’ म्हणजे छोटी अडचण, असं विशेषणासकट लिही आणि मोठ्यानं म्हण. आठवडाभरात ‘पेकेन्यो मानो’ तुला ‘छोटा मुलगी’सारखं टोचायला लागेल, ते टोचलं की समज काम झालं.

आणि चुकलं तर फरक काय पडतो असंही वाटेल. पडतो. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘वाईट वेळ आली’ यातला वेळ एकच आहे का? तसंच ‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल आणि ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी.

प्रश्न : मराठीत सुरा मोठा सुरी छोटी, डबा मोठा डबी छोटी, तसं स्पॅनिशमधे पुल्लिंगी मोठं असतं का? (कराडहून एक वाचक)

उत्तर : काही जोड्यांत हो, बार्को म्हणजे जहाज आणि बार्का म्हणजे छोटी होडी. पण उलटंही आहे, ‘उएर्तो’ म्हणजे परसातला भाजीचा तुकडा आणि ‘उएर्ता’ म्हणजे त्याच्यापेक्षा मोठा मळा, ‘चार्को’ डबकं आणि ‘चार्का’ त्याच्यापेक्षा मोठं तळं. त्यामुळं हा नियम धरू नका. झाड-फळाची जोडी जास्त कामाची आहे, सफरचंदाचं झाड ‘एल मान्सानो’, फळ ‘ला मान्साना’, संत्र्याचं पण तसंच, नारान्खो आणि नारान्खा. अंजीर मात्र उलटं, झाड ‘ला इगेरा’ आणि फळ ‘एल इगो’. आणि तासगावच्या ताईसाठी, द्राक्षाचा वेल ‘ला बिद’, तो पण स्त्रीलिंगीच.