सेडमध्ये ‘&’ टाकला की चादर दोनदा का येते?

प्रश्न : आमच्या दरपत्रकाच्या फाइलींमध्ये ‘चादर/टॉवेल’ आहे, तिथे ‘चादर & टॉवेल’ हवं आहे. सेड (फाइलीतला मजकूर शोधून बदलणारी कमांड) चालवल्यावर आधी ‘अननोन ऑप्शन टू एस’ अशी एरर आली. तिरप्या रेघेआधी बॅकस्लॅश (\) दिला तर एरर गेली, पण फाइलीत ‘चादर चादर/टॉवेल टॉवेल’ झालं!
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. सेडला तिरपी रेघ म्हणजे कुंपण, म्हणजे शोधायचा भाग आणि बदली भाग वेगळे करणारं चिन्ह वाटतं. तुमच्या मजकुरातली रेघ त्याने कुंपण धरली, ‘टॉवेल’ हा बदली शब्द समजला आणि पुढचं सगळं ऑप्शन म्हणून वाचायला गेला. रेघेला बॅकस्लॅश लावण्यापेक्षा कुंपणच बदला, उभी रेघ वापरा. दुसरी चूक ‘&’ची. बदली भागात त्याचा अर्थ ‘जे सापडलं ते सगळं’ असा होतो, म्हणून मधोमध जुना मजकूर जसाच्या तसा परत आला. तिथे बॅकस्लॅश हवाच :

सेड 'एस|चादर/टॉवेल|चादर \& टॉवेल|जी' दरपत्रक

(एस म्हणजे ‘बदला’, जी म्हणजे ‘ओळीत सापडेल तिथे सगळीकडे’. सेड, एस, जी आणि पुढे येणारं आय प्रत्यक्षात इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करा.) असं चालवलं की निकाल फक्त पडद्यावर दिसतो, फाइलीला धक्का लागत नाही. तो नीट वाचा, मगच सेडनंतर ‘-आय.जुनी’ जोडा. मूळ फाइल ‘.जुनी’ शेपटीसह शिल्लक राहते. हे टाळू नका.

एकेरी अवतरणं मुद्दाम दिली आहेत. दुहेरीत शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधी डॉलर आणि बॅकटिक (`) स्वतः उलगडतं, सेडपर्यंत भलतंच पोचतं. पण मालाचं नाव व्हेरिएबलमधून (शेलने नाव देऊन साठवलेल्या मजकुरातून) येत असेल तर दुहेरी घ्यावीच लागतात. तेव्हा बदली घालायचा मजकूर आधी यातून गाळून घ्या :

सेड 'एस/[&|\]/\\&/जी'

इथे तोच ‘&’ कामी येतो : जे चिन्ह सापडेल त्याच्याआधी बॅकस्लॅश लागतो.

प्रश्न : १२.५० हा दर बदलताना १२७५० हा माल क्रमांकही बदलला.
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : शोधायच्या भागात टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’, म्हणून ७ सुद्धा चालून गेला. १२[.]५० लिहा. तरीही ११२.५० मधला तुकडा सापडेलच, तेव्हा दराआधीचं ‘₹’ चिन्ह आणि मधली मोकळी जागा दोन्ही भागांत घाला.