विंगरच्या आरसीवर 'क्लास' काय लिहिलाय?

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. तुम्ही घेताय ती गोवा पासिंगची २०१४ ची टाटा विंगर व्हॅन, आत बेड-ओटा-सिंक करून कॅम्पर, म्हणजे राहायची-झोपायची गाडी, केलेली, घरगुती मालक, साडेपाच लाख, "पेपर क्लिअर आहेत" आणि रविवारी टोकन. २०१७ साली मी अशीच टोकन घेऊन निघाले होते. माझी टेम्पो ट्रॅव्हलर होती आणि राज्य वेगळं होतं, बाकी सगळं हेच.

इंजिन-क्लचबद्दल लिहीत नाही, ते तुमचा मेकॅनिक बघेल. (खात्रीचा मेकॅनिक नसेल तर जुना कॅम्पर घेऊच नका, असं माझं मत.) थकलेली चलनं, पीयूसी, बँकेचा एचपी (आरसीवरचा कर्जाचा बोजा) उतरलाय का, हे ऑनलाइन बघितलं असेल असं धरते.

पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) 'व्हेइकल क्लास', म्हणजे गाडीचा प्रकार, काय आहे? तुम्ही एवढं सगळं लिहिलंय, तेवढंच नाही लिहिलेलं.

माझ्या गाडीच्या आरसीवर होतं 'ऑम्नी बस (प्रायव्हेट यूज)', सीट १३. आत प्रत्यक्षात चार सीट, दोन बेड, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी. नंबरप्लेट पांढरी, चेसिस नंबर जुळलेला, हप्ते फिटलेले. मालकही सज्जन, चहा-पोहे झाले. मी सीटचा विषय काढला तर म्हणाले, "अहो, फर्निचरच आहे ते, त्याची कुठे नोंद करतात?" आणि मी मान डोलावली! पूर्ण पैसे दिले, एनओसी आणि नाव ट्रान्सफरच्या २८, २९, ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि मोठी हुशारी केल्यासारखी गाडी घेऊन घरी आले.

एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात पडायला सात आठवडे गेले. मग आमच्या इथल्या आरटीओ कार्यालयात तपासणीला गाडी नेली. इन्स्पेक्टरने मागचं दार उघडलं, आत बघितलं, आरसी बघितली. "मॅडम, तेरा सीट कुठायत?"

आमचं कार्यालय म्हणे, बदल जिथे झालाय तिथल्या आरसीवर चढवून आणा. तिथलं कार्यालय म्हणे, एनओसी दिली, आता आमचा संबंध नाही. सहा खेपा घातल्या. एका खिडकीवर सांगितलं 'पत्र आणा', पत्र नेलं तर त्याच खिडकीवरच्या दुसऱ्या साहेबांनी विचारलं, "हे कुणी मागितलं?" लेखी नकार द्या म्हटलं तर तोही देईनात. नकार लेखी नसला की वर दाद मागायलाही काही हातात राहत नाही, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. असो.

एजंटने तोडगा सुचवला, भाड्याने सीट आणून बोल्ट करू, पासिंग झालं की काढू. अजिबात करू नका. आरसी म्हणते तेरा सीटची बस, गाडी आहे झोपायची; उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं.

शेवटी एकच वाट उरली. एनओसी रद्द करायची, मूळ कार्यालयात बदलाची नोंद करून घ्यायची, मग नवी एनओसी. पण अर्ज मालकाने करायचा, कारण कागदावर गाडी त्यांचीच. पैसे पूर्ण मिळालेला माणूस तिसऱ्या खेपेला किती उत्साहाने येणार? वाईट नव्हते हो ते, पण फोन उचलेनासे झाले. अकरा महिने गाडी दारात उभी. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, छताच्या झरोक्यातून पावसाचं पाणी शिरून बेडखालचं प्लाय फुगलं.

तेव्हा तुमच्यासाठी: क्लास 'कॅम्पर व्हॅन' असेल आणि सीटचा आकडा गाडीशी जुळत असेल तर पुढे जा. नसेल तर गाडी मालकाच्या नावावर असतानाच, गोव्यातच, त्यांनी नोंद करून द्यावी. टोकन त्यानंतर. 'नंतर करून घेऊ' म्हणाले तर उठा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबतच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबाबत कडक निकाल दिल्यापासून माझ्या वेळेइतकीही ढिलाई नाही. मी वकील नाही, प्रत्येक कार्यालयाची तऱ्हा वेगळी, तेव्हा तिथे आधी विचाराच. आणि कसंबसं पासिंग झालं तरी २०१४ च्या खाजगी गाडीची आरसी २०२९ ला नूतनीकरणाला येणार. तेव्हाही कुणीतरी मागचं दार उघडणारच.

नाव ट्रान्सफर होऊन नवी आरसी येईपर्यंत निदान लाखभर रुपये हातात ठेवा. मालक कुरकुरले तर सांगा की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच म्हटलंय. ट्रान्सफरची घाई त्यांनाही हवी. त्यांचा जो मोबाइल नोंदणीला जोडलाय तो चालू आहे ना तेही बघा, ओटीपी तिथे जातो. आपल्या राज्यात गाडीच्या वयानुसार कर पुन्हा भरावा लागेल. गोव्याच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो साडेपाच लाखांच्या हिशेबात धरू नका.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला इंजिन आधी सुरू करून ठेवू नका म्हणावं, थंड इंजिन कसं सुरू होतं ते कळतं. छतावर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडा, मग आत जाऊन झरोक्याभोवतीचं आणि बेडखालचं प्लाय बोटाने दाबून बघा. किनाऱ्यावरची गाडी आहे, खाली आडवं पडून चेसिस आणि पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) गंजलेत का बघा. नवा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सिलिंडर ठेवलाय तिथे तळाला जाळी हवी, कारण गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. माझ्या गाडीत जाळी वर होती, शोभेला.

आणि टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात प्लाय, बॅटऱ्या, तुमचं सामान. काट्याची पावती आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. माझी दीडशे किलोने जास्त भरली होती, हे मला अकरा महिन्यांनी कळलं.

रविवारच्या आत आरसीचा फोटो टाका, नाव-नंबर झाकून. क्लास आणि सीट एवढंच दिसू दे.